जुनं बाथरूम, हातात थोडे पैसे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचा फ्लॅट १९८६ सालच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. बाथरूम ४ फूट बाय ६ फूट, संडास वेगळा. भिंतीला तीन फुटांपर्यंत चार इंची पांढऱ्या टाइल्स, त्यावर ऑइलपेंट, खाली मोझेकची फरशी, जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप. सकाळी गंजाचं लाल पाणी येतं, शॉवर जेमतेम ठिबकतो. खालच्या घरात गळती नाही. ठेकेदार सांगतो तेवढा खर्च झेपणार नाही, पस्तीस हजार जमवले आहेत. शनिवार-रविवार आम्ही नवरा-बायको राबायला तयार आहोत. कोणतं काम स्वतः करावं आणि कोणतं कारागिराला द्यावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ‘खालच्या घरात गळती नाही’. त्या काळातल्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्यात विटांच्या रोड्यांचा कोबा भरलेला असतो. तो आज पाणी खाली जाऊ देत नाही, तर त्याला हात लावू नका. फरशी फोडली की कोबा हलतो, आणि मग नवं वॉटरप्रूफिंग, नवा नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं, सांडपाणी जिथून जातं ते भांडं), नवा भराव असं सगळंच करावं लागतं. तुमचे निम्मे पैसे तिथेच जातील. तेव्हा फरशी ठेवायची आणि भिंतीतले पाइप बदलायचे.

आधी सोसायटीला लेखी कळवा. खालच्या शेजाऱ्यांनाही सांगा आणि त्यांच्या बाथरूमच्या छताचे आजच्या तारखेचे फोटो काढून ठेवा.

तोडफोड तुम्ही दोघं करू शकता. मात्र पहिला घाव घालण्याआधी नहाणी ट्रॅपची जाळी काढून आत कापडाचा बोळा घट्ट बसवा आणि वर जाड प्लॅस्टिक चिकटवा. ट्रॅपमध्ये सिमेंटचे खडे गेले की ते काढायला शेवटी फरशीच फोडावी लागते. मेन स्विच बंद, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. भिंत साडेचार इंची असेल तर ब्रेकर मशीन लावू नका, पलीकडचा गिलावा सुटतो. छिन्नी-हातोड्याने वरच्या ओळीपासून खाली या. तीन फुटांपर्यंतच्या टाइल्स आणि त्यांच्यामागचा माल मिळून अर्धी भरलेली बारा-पंधरा पोती राबिट (तोडफोडीचा राडारोडा) निघेल. पोती अर्धीच भरा, जिन्यावरून पूर्ण पोतं उतरवताना पाठ जाते. ऑइलपेंटवर टाइल कधीच धरत नाही, म्हणून जिथे टाइल चढणार तिथला रंग पूर्ण खरवडा आणि गिलाव्याला छिन्नीने दाट टोचे मारा.

पाइपचं काम प्लंबरला द्या, निदान डक्टमधून (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतून) तुमची लाइन आत येते तो सांधा तरी. जुन्या जीआयचे आटे गंजून एकजीव झालेले असतात. पान्याचा जोर लागला की एल्बो (काटकोनी जोड) भिंतीच्या आत किंवा डक्टमध्येच तुटतो आणि इमारतीची लाइन बंद करावी लागते. हे काम रविवारी न करता आठवड्यातल्या सकाळी करा, म्हणजे एखादा जोड कमी पडला तर दुकान उघडं असतं. लाइन आत येते तिथेच एक स्टॉपकॉक (पाणी बंद करायची चावी) बसवून घ्या.

आतली लाइन पाऊण इंची सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची) आणि नळाच्या तोंडाला अर्धा इंची पितळी आट्यांचे एल्बो. सोल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्राव) सीपीव्हीसीचंच घ्या, यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचं) चालत नाही. पाइप काटकोनात कापायचा, कडेची कीस काढायची, दोन्हीकडे सोल्व्हंट लावून पाव वळसा देत आत सारायचा आणि दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा. सोडला तर तो हळूच मागे सरकतो आणि ही गळती टाइल लागल्यावर कळते. भिंतीत पाइपसाठी घळ (खाच) पाडताना कॉलम-बीम कापू नका आणि भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल जाऊ नका.

मापं लिहून घ्या. वॉल मिक्सरच्या (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या भिंतीवरच्या नळाच्या) दोन तोंडांत मध्य ते मध्य ६ इंच, गरम पाणी डावीकडे. मिक्सर फरशीपासून साधारण ३० ते ३३ इंचांवर, बादलीचा नळ दोन फुटांवर, शॉवरचा दांडा साडेसहा ते सात फुटांवर. सर्वात जास्त चुका एल्बोच्या खोलीत होतात. एल्बोचं तोंड तयार टाइलच्या पृष्ठभागाशी सपाट यायला हवं. आत राहिलं तर जोडतुकडे लावावे लागतात आणि प्रत्येक जोडतुकडा म्हणजे गळायची आणखी एक जागा. त्यासाठी विकत घेतलेला मिक्सरच तात्पुरता लावून एल्बो पक्के करा आणि भिंतीवर टाइलचा तुकडा धरून बघा.

सगळ्या तोंडांना डमी प्लग (तात्पुरती बुचं) लावा, सोल्व्हंटला २४ तास द्या, मग पाणी सोडून आणखी एक पूर्ण दिवस थांबा. प्लंबरकडे दाब देण्याचा हातपंप असतो, तो आणायला सांगा. चाचणी झाल्याशिवाय घळ बुजवू नका. बुजवताना वरून कोंबडीजाळी ठोकली तर गिलाव्याला त्या रेषेत तडा जात नाही.

शॉवरबद्दल एक स्पष्ट सांगतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोचा दाब देतं. टाकी तुमच्या शॉवरपेक्षा जेमतेम सहा-सात मीटर वर असणार. पाइप बदलल्यावर धार नक्की सुधारेल, पण छत्रीएवढा रेन शॉवर या दाबाला चालत नाही. चार इंची साधा शॉवर घ्या.

फरशीचं काम असं. बादलीभर पाणी ओता. जिथे तळं साचतं तिथे मोझेकला ग्राइंडरने खरबरीत करून माल भरा आणि उतार नहाणीकडे वळवा. सहा फुटांच्या लांबीला एक इंच उतार पुरतो. मग उरलेल्या मोझेकची चकाकी ग्राइंडरने उडवा आणि दर्जा (फरशांमधले सांधे) उकरून भरा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोल वाटा (कोपरा भरून काढणारी गोलाई) मारा. त्यावर दोन भागांत मिळणारं पॉलिमर सिमेंटचं कोटिंग, एक हात उभा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा, भिंतीवर एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवून. कोटिंग पूर्ण मुरलं की नहाणी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि शेजाऱ्यांचं छत बघा.

टाइल्स सगळीकडे सात फूट नेण्याची गरज नाही. अंघोळीच्या कोपऱ्यातल्या तीन बाजू, मिळून १० फूट लांबी, सात फुटांपर्यंत. उरलेली भिंत चार फुटांपर्यंत. दार वजा करून हे १०० चौरस फूट होतं. १२ बाय १८ इंची सिरॅमिक टाइल आडवी लावा, म्हणजे चार आणि सात ओळींत हिशेब बसतो. एक टाइल दीड चौरस फूट; तुटफूट दहा टक्के धरून ७४ टाइल्स. फरशीला १२ बाय १२ च्या खरखरीत, न घसरणाऱ्या २७ टाइल्स. बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना हे दुकानातच बघा. बॅच बदलली की रंगात आणि मापात फरक पडतो.

टाइल लावायला ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा पिशवीत मिळणारा तयार माल) वापरा. २० किलोची पिशवी तीन मिलिमीटर जाडीला सुमारे ५० चौरस फूट जाते, म्हणून तीन पिशव्या. सिमेंटच्या मालात लावताना गवंडी टाइल पाण्यात भिजवतात, ॲडहेसिव्हला टाइल कोरडीच लागते. कालवल्यावर पाच-दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा ढवळा आणि एका वेळी सहा-आठ चौरस फुटांपुरतंच पसरवा. वर साय धरली की चिकटपणा गेला. पहिली टाइल लावल्यावर काढून तिची पाठ पाहा, माल सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे. मालाचे नुसते चार ठिपके लावून चिकटवलेली टाइल मागून पोकळ राहते, तिथे पाणी साचतं आणि पुढे ती फुटते.

भिंतीची सर्वात खालची ओळ आधी लावू नका. दुसऱ्या ओळीच्या पातळीवर सरळ पट्टी ठोकून तिथून वर चढा. मग फरशी, आणि शेवटी खालची ओळ उताराप्रमाणे कापून फरशीच्या टाइलवर टेकवा. त्यामुळे भिंतीवरून येणारं पाणी सांध्यात न शिरता फरशीवर उतरतं. सरळ भिंतीच्या टाइल्स तुम्ही लावाल. फरशी मात्र गवंड्याकडून करून घ्या. उतारात चारही बाजूंनी टाइल्स जुळवणं हे हाताच्या सवयीचं काम आहे.

फरशी वर येणार १२ ते १५ मिलिमीटर. उंबऱ्यापाशी बाहेरची पातळी किमान अर्धा इंच उंच राहते का ते आजच मोजा. राहत नसेल तर ग्रॅनाइटची पट्टी लावा. नहाणीची जाळीही तेवढीच वर घ्यावी लागेल, त्यासाठी पीव्हीसीचा जोडतुकडा मिळतो.

आता पैशांचा अंदाज. दर गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात. टाइल्स साडेसहा हजार. ॲडहेसिव्ह, सिमेंट, वाळू साडेतीन हजार. कोटिंग तीन हजार. पाइप आणि जोड चार हजार. मिक्सर, शॉवर, नळ पाच हजार. पीव्हीसी दार तीन हजार. एक्झॉस्ट पंखा सव्वा हजार. प्लंबर अडीच-तीन हजार. गवंडी अडीच हजार. राबिट उचलणं दीड हजार. बेरीज तेहेतीस हजारांच्या आसपास जाते. हात आखडायचाच असेल तर दार आणि पंखा पुढच्या वर्षी. कोटिंग आणि भिंतीतले जोड यांत काटछाट करू नका, कारण नळ कधीही बदलता येतो, टाइलमागचा एल्बो नाही.

प्रश्न : जुन्या टाइल्स न फोडता त्यावरच नव्या लावता येतात असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे, पण मागची भिंत कोरडी असेल तरच. प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा. दहांत एखादी पोकळ वाजली तर तेवढी काढून खड्डा मालाने भरा. याहून जास्त वाजल्या तर सगळ्याच काढाव्या लागतील, कारण नव्या टाइलचं वजन शेवटी जुन्या मालावरच येतं. पलीकडच्या खोलीत त्या भिंतीचा रंग फुगला असेल तर आत पाणी मुरतं आहे. ते झाकल्याने मुरणं थांबत नाही.

जुन्या चकचकीत टाइलवर साधं ॲडहेसिव्ह धरत नाही. पिशवीवर ‘टाइलवर टाइल’ साठी असं स्पष्ट लिहिलेलं पॉलिमरचं ॲडहेसिव्ह घ्या. त्याआधी साबणाचा थर घासून काढा आणि ग्राइंडरने टाइलवर आडव्या-तिरक्या रेघा पाडा. सिमेंटची स्लरी (पातळ लेप) तर इथे अजिबात नको. भिंत १२ मिलिमीटर पुढे येते, त्यामुळे जुने नळ आत रुततात आणि चौकटीच्या कडा उघड्या पडतात. याचा खर्च आधीच धरा.

प्रश्न : खालचे शेजारी म्हणतात तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतं. सगळं फोडायला पैसे नाहीत. गळती नेमकी कुठली हे स्वतः कसं शोधायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि दोन तपासण्यांमध्ये पुरेसा वेळ द्यायचा. कोब्यात मुरलेलं पाणी खाली दिसायला एक-दोन दिवस घेतं. आज पाणी ओतून आजच निकाल काढला तर चुकीची जागा फोडली जाते.

पहिले तीन दिवस बाथरूम पूर्ण बंद, पण पाइपात पाणी चालू. तरीही छत ओलं होत राहिलं, थेंब रात्रंदिवस सारखा पडत राहिला, तर संशय दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या, पाइपवर. बाथरूमचा स्टॉपकॉक बंद करा. थेंब मंदावला की खात्री पटली. छत सुकायला लागलं तर पाइप ठीक आहेत, पुढे जा.

मग फरशी कोरडी ठेवून नहाणीत नळी खोल घालून तिच्यातून चार-पाच बादल्या पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडा. दोन दिवसांत ओल आली तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप. नाही आली तर ट्रॅपला बोळा बसवून फरशीवर दोन इंच पाणी साठवा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. यात ओल आली तर फरशीचे सांधे, कोपरा किंवा ट्रॅपची कड. शेवटी शॉवर चालवून फक्त भिंत भिजवा.

सांध्यांतून गळत असेल तर फोडण्याआधी स्वस्त उपाय करून पाहता येतो. फरशी आणि भिंतीची खालची दोन फुटं, यांचे सगळे सांधे दोन-तीन मिलिमीटर खोल उकरा, ब्रशने धूळ काढा, दोन दिवस सुकवा आणि इपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचा रेझिनचा माल) भरा. हे ग्राउट अर्ध्या-पाऊण तासात कडक होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळलेलं निघत नाही. सांधे ओले असताना भरलं तर महिन्याभरात सुटतं. ट्रॅपच्या कडेभोवतीची एक टाइल काढून तिथे कोटिंगचा पट्टा द्या, गळती बहुधा याच गोल सांध्यातून असते. कोबा वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला असेल तर छत सुकायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा शेजाऱ्यांना लगेच रंग लावू नका म्हणावं.

त्यांच्या छताचा गिलावा पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर हे घरी करण्याचं काम राहिलं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खर्चाबाबत : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, घरातल्या बाथरूमची सभासदाने. म्हणूनच वरच्या तपासण्यांच्या तारखा आणि फोटो जपून ठेवा.

प्रश्न : बाथरूममध्ये गटाराचा वास येतो. फिनेल टाकून थकलो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी सुमारे ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. जाळी काढून टॉर्चने बघा. पाणी दिसत नसेल तर एक तांब्या ओता. वास थांबला पण काही तासांत परत आला, तर ट्रॅपला चीर आहे. पाहुण्यांचं बाथरूम नुसतं बंद राहून सुकत असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल टाका, बाष्पीभवन मंदावतं. काही ट्रॅपमध्ये उपडी वाटी असते, सफाई करताना ती काढून टाकली गेली असेल तर नवी बसवा. आणि वरच्या मजल्याने पाणी सोडलं की तुमच्या नहाणीत गुडगुड होत असेल, तर इमारतीचा हवेचा पाइप तुंबला आहे. तो गच्चीवरून साफ होतो, तुमच्या बाथरूममधून नाही.

प्रश्न : जुन्या वाड्यात शहाबादी फरशीचं न्हाणीघर आहे. बोअरच्या पाण्याने फरशीवर आणि नळांवर पांढरा थर बसला आहे. ॲसिडने धुवावं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : फरशीवर ॲसिड नको, लिंबूसत नको, व्हिनेगरही नको. शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे आणि पांढरा थरही चुन्याचाच. थराला खाणारं आम्ल दगडालाही खातं. फरशी आज स्वच्छ दिसेल, पण तिची छिद्रं उघडतील आणि पुढचा थर आणखी घट्ट बसेल. मोझेकमधल्या संगमरवराच्या चिपांचंही हेच होतं. थर आधी सपाट पात्याने खरवडा, मग पॉलिशवाल्यांकडे मिळणारा १२० नंबरचा दगड आणि नंतर २२० नंबरचा, दोन्ही पाणी घालत फिरवा. सांधे उकरून नव्याने भरा आणि दगड दोन दिवस सुकल्यावर दगडासाठीचं पारदर्शक सीलर लावा.

नळांना मात्र लिंबूसत चालतं. कपभर पाण्यात एक मोठा चमचा, त्यात फडकं भिजवून नळाला पंधरा मिनिटं गुंडाळा आणि धुऊन कोरडं करा. जास्त वेळ ठेवलं तर क्रोम काळवंडतं. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

प्रश्न : गॅस गीझर की विजेचा? विजेचा घेतला तर जुन्या वायरिंगवर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गॅस गीझर बाथरूमच्या आत लावूच नका, खिडकी असली तरी. लहान खोलीत तो प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. या वायूला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. लावायचाच तर उघड्या गच्चीत किंवा बाल्कनीत, आणि नुसतं गरम पाणी आत आणा.

विजेच्या गीझरला डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-बोर्डापासून) स्वतंत्र लाइन हवी. २ किलोवॉटला सुमारे ९ अँपिअर लागतात, ३ किलोवॉटला १३. तांब्याची वायर अनुक्रमे अडीच आणि चार चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरचा पॉइंट, स्विच दाराबाहेर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर काहीजण अर्थची तार न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. न्यूट्रल कुठे तुटला की गीझरचं अंग आणि नळाचं पाणी दोन्हींत वीज उतरते. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, गीझर नंतर.

प्रश्न : आईचं वय ७५. आमचं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), न्हाणीघराची कोब्याची जमीन शेवाळते. थोड्या खर्चात काय करता येईल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर्वात आधी आधाराचा दांडा. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यात साधा फास्टनर काही महिन्यांत सैल होतो आणि आईंनी जोराने धरला की हातात येतो. भिंतीला आरपार भोक पाडा, लांब बोल्ट घाला आणि पलीकडून चार इंची लोखंडी पट्टी लावून नट आवळा. बोल्ट आणि नट स्टेनलेस स्टीलचे घ्या, पट्टीला गंजरोधक रंग द्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. दांडा ३२ मिलिमीटर जाडीचा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, भिंतीपासून दीड इंच सुटा. रबरी कपाने चिकटणारे दांडे ओल्या भिंतीवरून सुटतात, ते घेऊ नका.

शेवाळ पाणी साचतं तिथेच येतं. कोबा तारेच्या ब्रशने घासा, उतार दुरुस्त करा आणि वर न घसरणाऱ्या लहान, ४ इंची टाइल्स लावा. लहान टाइलमध्ये सांधे जास्त येतात आणि पावलाला पकड मिळते. अंघोळीला बसायला स्टूल घ्याल तर पायांना रबरी बूट असलेलं, १७-१८ इंच उंचीचं घ्या. पाटावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. दार लाकडी असेल आणि पावसाळ्यात फुगत असेल तर पीव्हीसीचं बसवा, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्या अंगाला अडतं आणि मदत पोहोचत नाही. कडी दोन्हीकडून उघडता येईल अशी घ्या.